भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि श्वान-बचावकार्य (इंदूर)

रस्त्यावर, गल्लीत, बाजारात मोकळ्या राहणाऱ्या कुत्र्यांना पकडून त्यांची प्रजननक्षमता शस्त्रक्रियेने थांबवणे, त्याच वेळी रेबीजची लस टोचणे आणि जखम भरली की जिथून उचलले तिथेच परत सोडणे, या कामाला बोलण्यात नसबंदी, सरकारी कागदावर निर्बीजीकरण आणि कार्यकर्त्यांच्या तोंडी नुसते ‘एबीसी’ (अॅनिमल बर्थ कंट्रोल) म्हणतात. इंदुरात हे काम नगर निगमाच्या, म्हणजे महापालिकेच्या, केंद्रांवर होते. पण कुत्रे ओळखणे, हाताळणे, केंद्रापर्यंत पोचवणे आणि नंतर त्याच्यावर लक्ष ठेवणे यातला मोठा भाग पगार न घेता राबणारी माणसे करतात. जखमी, आजारी, अनाथ कुत्र्यांना वाचवण्याचे त्यांचे जे रोजचे काम, त्याला सगळेच ‘रेस्क्यू’ म्हणतात. या नोंदीत दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत, कारण नसबंदी वगळून केलेले रेस्क्यू दर हिवाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

‘नसबंदी’ हा शब्द रुळला असला तरी नेमका नाही. माणसाच्या नसबंदीत फक्त नळी बांधतात किंवा कापतात. कुत्रीच्या शस्त्रक्रियेत दोन्ही बीजांडकोश आणि गर्भाशय काढतात, कुत्र्याचे दोन्ही वृषण काढतात. त्यामुळे पिल्ले होणे थांबते, शिवाय संप्रेरकेही थांबतात. कुत्री माजावर येत नाही, तिच्यामागे दहा-बारा नर लागत नाहीत, त्यांच्यातल्या मारामाऱ्या होत नाहीत. गल्लीतल्या माणसाला फरक जाणवतो तो आधी इथे.

मराठीत कुत्रे आणि भाद्रपद यांची सांगड फार जुनी आहे, आणि ती बहुतेक वेळा टोमणा म्हणूनच वापरली जाते. त्यामागचे निरीक्षण मात्र अचूक आहे. घरात पाळलेली कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. भारतातल्या मोकळ्या कुत्र्यांचा मुख्य हंगाम वर्षातून एकदाच, पावसाळा ओसरताना येतो. गर्भ सुमारे ६३ दिवसांचा. म्हणजे भाद्रपदात लागलेली कुत्री कार्तिक-मार्गशीर्षात विते. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती असते. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत देवळाच्या ओट्याखाली, उभ्या गाड्यांच्या खाली, हलवायाच्या निवलेल्या भट्टीच्या राखेत डोळे न उघडलेली पिल्ले सापडतात. माळव्यातली थंडी त्यांना झेपत नाही. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा मल्हारी मार्तंड, त्याच्याही सोबत कुत्रा असतोच. कुत्र्याला भाकरी घालणे हे इंदूरच्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले पुण्य आहे, त्यामुळे इथे खाऊ घालणारे हात शोधावे लागत नाहीत.

या कॅलेंडरातले पुढचे गणित मात्र फार कमी लोक मांडतात. मार्गशीर्षात जन्मलेली मादी पुढच्या भाद्रपदापर्यंत नऊ महिन्यांची होते, आणि गावठी कुत्री सहा महिने ते वर्षाच्या आतच पहिल्यांदा माजावर येते. म्हणजे एका वर्षात आई आणि मुलगी दोघी एकदम गाभण. मग गल्ल्या कुत्र्यांनी ओसंडून का वाहत नाहीत? कारण बहुतेक पिल्ले मरतात. पश्चिम बंगालमधल्या ९५ विणींतल्या ३६४ पिल्लांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सातव्या महिन्यापर्यंत जेमतेम १९ टक्के पिल्ले जगली होती, आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूस कारण होता : गाडीखाली येणे, उचलून नेणे, मारणे. शस्त्रक्रिया क्रूर म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा शांतपणे वाचावा. पिल्ले जन्मू देणे म्हणजे पाचातल्या चारांना मरू देणे.

लोकमान्य नगरातल्या एका काकूंशी झालेले बोलणे मला आठवते. त्यांच्या फाटकाशी राहणाऱ्या भुरीला न्यायला आम्ही सकाळी गेलो होतो. काकू पायरीवर बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. म्हणाल्या, “मुक्या जनावराचा वंश तोडायचा म्हणजे पाप रे. एकदा तरी होऊ दे तिला पिल्लं.” सोबतच्या मुलाने विचारले, “काकू, मागच्या थंडीत तिला पाच झाली होती ना? किती राहिली?” काकू काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने उठल्या, आत गेल्या आणि भुरी हातात येईल म्हणून पोळीचा तुकडा घेऊन आल्या. तो मुलगा लगेच म्हणाला, “खायला नको काकू, आज तिला उपाशीच न्यायचं आहे.” मग त्यांनी तो तुकडा परत फडक्यात गुंडाळून ठेवला आणि दोन्ही हातांनी भुरीला उचलून स्वतःच पिंजऱ्यात ठेवले. ‘एक वेत झाल्याशिवाय ऑपरेशन करू नये’ ही समजूत शहरभर आहे. तिला वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाली तर स्तनांच्या गाठींचा धोका खूप कमी होतो, आणि गर्भाशयात पू साचण्याचा जीवघेणा आजार, पायोमेट्रा, गर्भाशयच नसल्याने होत नाही.

पकडण्याची वेळ पहाटेची. रात्री सराफा किंवा छप्पन दुकान या खाऊगल्ल्यांच्या मागच्या बाजूला भटकणारी कुत्री पहाटे आपापल्या ठरलेल्या जागी परतलेली असतात, रहदारी नसते, आणि आदल्या रात्रीनंतर खाणे बंद ठेवलेले असते. भुलीच्या औषधाने उलटी होते आणि पोट भरलेले असेल तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून उपास. निगमाची माणसे जाळे वापरतात. रोज खाऊ घालणारा माणूस असेल तर तो हातानेच उचलतो, आणि फरक कुत्र्याच्या डोळ्यांत दिसतो. जाळ्यातून आलेले कुत्रे दुसऱ्या दिवशीही पिंजऱ्याच्या कोपऱ्यात चिकटून बसते, लघवीदेखील अडवून धरते. हातावरून आलेले त्याच संध्याकाळी शेपूट हलवून भात खाते. जागेची नोंद तिथल्या तिथे करावी लागते : गल्ली, खांब, दुकान, जमल्यास फोटो. ही नोंद चुकली तर पुढचे सगळे चुकते.

टेबलावर कुत्रीला भूल देऊन पोटावरचे किंवा कुशीवरचे केस काढतात. छेद सराईत डॉक्टराच्या हातून दोन बोटांएवढाच लागतो. टाके विरघळणारे असतात, कारण रस्त्यावरच्या कुत्रीला टाके काढायला पुन्हा कोण आणणार? भूल असतानाच कानाच्या टोकाला इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पाडतात. लांबून बघितले तरी हिचे झाले आहे हे कळावे, तीच कुत्री पुन्हा पकडली जाऊन पुन्हा फाडली जाऊ नये, एवढ्यासाठी. काढलेले अवयव फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मोजतात, म्हणजे कागदावरच्या शस्त्रक्रिया आणि खऱ्या शस्त्रक्रिया यांचा ताळा लागतो. नंतर चार-पाच दिवस पिंजऱ्यात मुक्काम. हे चार-पाच दिवस शस्त्रक्रियेइतकेच महत्त्वाचे आहेत. दमट पिंजरा, ओली फरशी, जखम चाटणे, यातून टाके उघडतात. म्हणून जाणते कार्यकर्ते भर पावसाळ्याची वाट न बघता चैत्र-वैशाखातच माद्या उरकून घेतात. भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्रीला रक्तस्राव जास्त होतो, त्यामुळे डॉक्टर शक्यतो ती वेळ टाळतात. पाजणाऱ्या आईला तर पिल्ले खाऊ लागेपर्यंत हात लावू नये. तिला उचलले की मागे राहिलेली पिल्ले दोन दिवसांत संपतात.

आधी मादी की नर, हा वाद कार्यकर्त्यांत चालतो. माझे मत स्पष्ट आहे : मादी. दहा नरांपैकी नऊ केले तरी उरलेला एक पुरेसा होतो. दहा माद्यांपैकी नऊ केल्या तर विणी दहावरून एकावर येतात. पैसे आणि पिंजरे नेहमीच कमी असतात, तेव्हा हा हिशेब विसरून चालत नाही. जयपूरमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या मोहिमेत २००२ पर्यंत सुमारे २५ हजार कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण झाले, आणि मोजणीनुसार तिथल्या ६५ टक्के माद्या त्यात आल्या. त्या भागात कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी उतरली आणि माणसांतले रेबीजचे रुग्ण शून्यावर आले. एका भागातली ७० टक्के कुत्री लसीखाली आली की रेबीजची साखळी तुटते, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. म्हणून शहरभर तुरळक काम करण्यापेक्षा एक मोहल्ला पूर्ण करून मगच दुसरा घ्यावा.

त्याच जागी परत का सोडायचे, याचे उत्तर कुत्र्यांच्या वागण्यात आहे. प्रत्येक टोळीचा आपला इलाखा असतो. कुत्री उचलून गावाबाहेर टाकली तर अन्न आणि जागा मोकळी होते आणि शेजारची, लस न टोचलेली, वीण चालू असलेली कुत्री ती भरून काढतात. अनोळखी भागात टाकलेले कुत्रे तिथल्या टोळीकडून फाडले जाते, नाहीतर घराकडे परतताना बायपासवर गाडीखाली येते. एकदा एका केंद्रावरून आमच्या भागातली कुत्री भलत्याच वस्तीत सोडली गेली. तिला शोधण्यात अकरा दिवस गेले. सापडली तेव्हा मानेवर दात रुतलेले होते आणि पोटावरचा छेद मात्र सुरेख भरला होता.

कायदा याच पद्धतीच्या बाजूने आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याखाली २००१ साली श्वान जन्म नियंत्रण नियम आले आणि मार्च २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. केंद्र चालवायला भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता लागते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी-लसीकरणानंतर जागेवर सोडावीत असे सांगितले, आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा करायला सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बस स्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतून उचललेली कुत्री तिथे परत न सोडण्याचे बंधन आले. त्यामुळे निवारागृहांची गरज एकदम वाढली.

इंदूरची एक गोष्ट इतर शहरांपेक्षा वेगळी आहे. २०१७ पासून हे शहर स्वच्छतेत देशात सतत पुढे आहे. कोपऱ्यांवरच्या कचरापेट्या गेल्या, कचरा दारातून वेगळा करून उचलला जाऊ लागला, आणि फेब्रुवारी २०२२ पासून देवगुराडियाच्या प्रकल्पात रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याची सोय झाली. कुत्र्यांची संख्या ठरते ती अन्नावर, आणि उकिरडा हे त्यांचे सर्वांत मोठे ताट होते. ते उचलले गेल्यावर इथले कुत्रे माणसाच्या हातावर जास्त अवलंबून झाले. म्हणून इथे खाऊ घालणाऱ्याची जबाबदारीही मोठी आहे. रामबागेत किंवा राजेंद्र नगरात दोन वेळा दूध-पोळी घालणारे आणि एकाही मादीची नसबंदी न करणारे घर पिल्लांना अन्न पुरवते, आणि ती गाडीखाली गेली की रडते. मी हे दोष द्यायला लिहीत नाही. त्या घरातलीच माणसे एकदा पटली की सर्वांत खात्रीचे कार्यकर्ते होतात, कारण कुत्रे त्यांच्याकडे आपणहून येते.

रेस्क्यूचे काम म्हणजे काय, हे एका जखमेवरून कळते. पावसाळ्यात मानेवर किंवा शेपटीच्या मुळाशी छोटा चावा असतो, माश्या अंडी घालतात आणि दोन-तीन दिवसांत अळ्या मांसात बोगदे करतात. वास चार घरे सोडून येतो. कुत्रे अंधाऱ्या कोपऱ्यात शिरते, बोलावले तरी येत नाही. तोंडाला पट्टी बांधून, औषध सोडून, चिमट्याने एकेक अळी काढायची, खळगा धुवायचा, उद्या पुन्हा तेच. आठवड्यात तळ लाल, स्वच्छ दिसू लागतो. भाद्रपदात अशा जखमांची रांग लागते, कारण मादीवरून नरांची चावाचावी तेव्हाच होते. मिलनातून पसरणारी लैंगिक गाठही याच हंगामाची देणगी. ती रक्तस्राव करते, कुजते, आणि व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाची इंजेक्शने आठवड्याला एक अशी काही आठवडे द्यावी लागतात. नसबंदी झालेल्या टोळीत ही दोन्ही दुखणी ठळकपणे कमी दिसतात. डिस्टेंपर आणि पार्व्हो हे विषाणूंचे आजार मात्र पिल्लांवर तुटून पडतात, आणि त्यांवर लसच उपाय. अवघड शस्त्रक्रियांसाठी महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, हा इंदूरकरांना मोठाच आधार.

रेबीजबद्दल थोडे, पण ठाम. जगात दर वर्षी सुमारे ५९ हजार माणसे त्याने मरतात आणि त्यांतला साधारण तिसरा हिस्सा भारतातला आहे. लक्षणे दिसू लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. चावा किंवा ओरखडा, पाळलेल्याचा असो की रस्त्यावरच्याचा, साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायचा आणि त्याच दिवशी लस घ्यायची. हळद, मिरची, चुना लावू नये. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून कित्येकांच्या मनात आहे. आता लस दंडात घेतात. कुत्री हाताळणाऱ्या प्रत्येकाने चावा होण्याआधीची लस घेतलेली असलीच पाहिजे. आमच्यातले धाडसी लोक नेमके तेच टाळतात.

दत्तक हा या कामाचा उरलेला भाग. मार्गशीर्षातली पिल्ले माघापर्यंत गोजिरी दिसतात, घरे मिळतात, आणि नर आधी जातात. मादीला ‘नंतर त्रास होईल’ म्हणून कोणी नेत नाही. म्हणून पिल्लू देताना कागद करून घेतात : लसी वेळेवर, बांधून ठेवायचे नाही, जमले नाही तर रस्त्यावर न सोडता परत द्यायचे, आणि सहाव्या महिन्यात नसबंदी. तारीख वहीत लिहिलेली असते. माघात नेलेल्या पिल्लाच्या घरी ज्येष्ठात फोन जातो, “ताई, सहा महिने झाले. परवा सकाळी आणाल का? आदल्या रात्री नऊनंतर खायला देऊ नका.”