‘ए’ की ‘ॲन’? शब्द देवनागरीत लिहून पाहा

इंग्रजीत ए, ई, आय, ओ, यू या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या शब्दाआधी ‘ॲन’ (an), बाकी सगळीकडे ‘ए’ (a). शाळेत हा नियम आपण सगळ्यांनी पाठ केलेला असतो. ॲपल, एग, अंब्रेलापर्यंत तो नीट चालतो. मग युनिव्हर्सिटी येते, अवर येतो, आणि त्यांना अपवादांच्या यादीत टाकलं जातं. माझ्या मते ते अपवाद नाहीतच, नियमच अर्धवट शिकवला जातो. ‘ए’ की ‘ॲन’ हे पुढच्या शब्दाच्या पहिल्या उच्चारावर ठरतं, स्पेलिंगवर नाही.

आणि उच्चार डोळ्यांना दाखवणारी लिपी तर आपल्या हाताशीच आहे. शब्द देवनागरीत लिहा. सुरुवात स्वराने झाली तर ‘ॲन’, व्यंजनाने झाली तर ‘ए’. अवर, ऑनेस्ट, ऑनर यांचं स्पेलिंग एचने सुरू होतं, पण तो एच मुका आहे. म्हणून ॲन अवर, ॲन ऑनेस्ट मॅन. युनिव्हर्सिटी, युनिफॉर्म, युरोपियन यांच्या सुरुवातीला ‘य’ ऐकू येतो, म्हणून ए युनिव्हर्सिटी. ‘वन-वे तिकीट’मध्ये ‘व’ आहे, तिथेही ‘ए’च. मध्ये विशेषण आलं तर त्याचा उच्चार बघायचा: ॲन अंब्रेला, पण ए ब्लॅक अंब्रेला, ए युनिव्हर्सिटी, पण ॲन ओल्ड युनिव्हर्सिटी.

खरा गोंधळ होतो तो आद्याक्षरांत, आणि अर्जांत, बायोडेटात आपण ती सतत लिहितो. एमपीएससी आणि म्हाडा दोन्ही इंग्रजीत एमनेच सुरू होतात. पण एमपीएससी आपण अक्षर-अक्षर वाचतो, पहिला उच्चार ‘ए’ हा स्वर, म्हणून ॲन एमपीएससी कॅंडिडेट. म्हाडा हा सरळ शब्द म्हणून वाचतो, म्हणून ए म्हाडा फ्लॅट. तसंच ॲन एनडीए कॅडेट, पण ए नाबार्ड लोन. ॲन एफआयआर, ॲन एक्स-रे, ॲन एचआर मॅनेजर. उलट ए यूपीआय पेमेंट, कारण ‘यू’ म्हणताना जीभ ‘य’पासूनच निघते. आकड्यांनाही हेच लागू: 8, 11, 18 आणि 80 आधी ‘ॲन’, पण 100 आधी ‘ए’, कारण तो वन हंड्रेड किंवा हंड्रेड असा वाचला जातो.

एक सावधगिरी मात्र हवी. देवनागरीत उतरवायचा तो इंग्रजी उच्चार, आपल्या सवयीचा नव्हे. गावाकडे एसटीची ‘यष्टी’ होते. त्यावर विसंबलात तर ‘ए’ लिहून बसाल, बरोबर आहे ते ‘ॲन एसटी बस’. याच्या उलट चूक वर्षाच्या बाबतीत होते. वर्षाला आपण सर्रास ‘इयर’ म्हणतो आणि लिहितो. इंग्रजीत त्याच्या सुरुवातीला स्पष्ट ‘यि’ आहे, म्हणून ए यिअर. कानासाठीचा शब्द मात्र इअर, म्हणून ॲन इअर. हे दोन शब्द मोठ्याने, एकापाठोपाठ दहा वेळा म्हणून पाहा. फरक जिभेला कळला की हात चुकत नाही.

आपल्याला वाटतं ‘ए’ला न जोडून ‘ॲन’ झाला. घडलं उलट. जुन्या इंग्रजीत ‘एक’ या अर्थाचा शब्द ‘न’ने संपणाराच होता. पुढे व्यंजनाआधी तो न गळत गेला, स्वराआधी टिकला. त्या काळात ऐकण्यात गल्लतही झाली. क्रिकेटमधला अंपायर मुळात न-ने सुरू होणारा शब्द. ‘ए’ आणि शब्द यांच्या सांध्यात तो न मागच्या ‘ए’ला चिकटला आणि शब्द अंपायर उरला. एप्रनचंही तसंच झालं. निकनेममध्ये याच्या उलट, ‘ॲन’चा न पुढच्या शब्दात घुसला.

औषधी वनस्पतीला ब्रिटनमध्ये ‘हर्ब’ म्हणतात, तिथे ‘ए’. अमेरिकेत त्यातला एच मुका, तिथे ‘ॲन अर्ब’. दोन्ही बरोबर. फक्त एका मजकुरात एकच उच्चार धरून चाला.