दुवा नेमका कुठे संपतो?

लिहिलेल्या मजकुरात संकेतस्थळाचा पत्ता असला, तर मजकूर पाठवताच तो निळा होतो आणि त्यावर टिचकी मारता येते, म्हणजे त्याचा दुवा बनतो. हे काम बहुधा एखादी छोटी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामरने वापरायचा तयार कोडचा संच, करते. ती मजकुरातले दुवे शोधते आणि त्यांच्या जागी एचटीएमएलचा (वेबपाने लिहिण्याच्या भाषेचा) टॅग, म्हणजे खुणेची जोडी, किंवा प्रोग्रामर सांगेल ते ठेवते.

सुरुवात 'एचटीटीपीएस'ने होत असेल, तर दुवा ओळखणे सोपे असते. ती नसेल, तर टिंबानंतरचा शेवटचा भाग खरोखरच डोमेनचे नाव आहे का, हे यादीत पाहावे लागते. 2012 साली आयकॅन या इंटरनेटवरील नावांचे व्यवस्थापन करणाऱ्या संस्थेने नव्या डोमेन-नावांसाठी अर्ज मागवले आणि पुढे ही यादी हजारावर गेली. त्यामुळे लायब्ररीतली यादी शिळी होत राहते. 'एमडी' हे मोल्डोव्हा देशाचे डोमेन असल्याने 'रीडमी.एमडी' या साध्या फाइलच्या नावाचाही दुवा होऊन बसतो, तो वेगळाच ताप.

खरी कसोटी शेवट ओळखण्यात आहे. 2005 सालच्या 'आरएफसी 3986' या पत्त्यांची रचना ठरवणाऱ्या मानकानुसार पूर्णविराम, स्वल्पविराम आणि कंस ही चिन्हे पत्त्यात चालतात, आणि आपण वाक्य संपवायला वापरतो तीही हीच. म्हणून लायब्ररी अंदाज बांधते: शेवटचा पूर्णविराम किंवा स्वल्पविराम वाक्याचा समजून सोडून द्यायचा, मिटणारा कंस मात्र त्याचा उघडणारा जोडीदार दुव्यातच असेल तर ठेवायचा. विकिपीडियावरील अनेक लेखांच्या पत्त्यांत शेवटी कंस असतो, ते या दुसऱ्या नियमामुळे वाचतात.

मराठीत आणखी एक पेच आहे. आपण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहितो, त्यामुळे रोमन लिपीतल्या पत्त्याला 'वर' किंवा 'वरून' थेट चिकटते. सगळ्या लिपींची अक्षरे स्वीकारणारी लायब्ररी हा 'वर'ही दुव्यात ओढते आणि पत्ता मोडतो. फक्त रोमन अक्षरे स्वीकारावीत, तर '.भारत' डोमेनवरचे देवनागरी पत्ते हाती लागत नाहीत. पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत येणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुरात शोधायचा नमुना खुणांनी लिहिण्याच्या पद्धतीच्या) मॉड्यूलमध्ये शब्दातील अक्षरासाठीची खूण वेलांटी किंवा काना यांना अक्षर मानत नाही; तिच्यावर विसंबलेला शोध 'विज्ञान' या शब्दात 'व'पाशीच थांबतो. माझ्या मते लिपी जिथे बदलते तिथे दुवा तोडणे हा त्यातल्या त्यात बरा तोडगा आहे, जरी मिश्र लिपीतले काही खरे पत्ते त्यात बळी पडतील.

नियम वाढत गेले, की रेग्युलर एक्स्प्रेशनही गुंतागुंतीचे होते. ते बेफिकिरीने लिहिले, तर जुळणी फसल्यावर संगणक मागे फिरून प्रत्येक पर्याय पुन्हा तपासत बसतो. 2 जुलै 2019 रोजी क्लाउडफ्लेअर या संकेतस्थळांना सुरक्षा व वेग पुरवणाऱ्या कंपनीची सेवा जगभर 27 मिनिटे कोलमडली, तिच्या मुळाशी असेच एक एक्स्प्रेशन होते. ते दुवे शोधणारे नव्हते, पण रोग तोच. म्हणून काही लायब्ऱ्या मजकूर एकेक अक्षर वाचत पुढे सरकणे पसंत करतात.

बदलण्याच्या टप्प्यात क्रम सांभाळावा लागतो. पहिल्या दुव्याच्या जागी लांब टॅग आला, की पुढच्या सगळ्या दुव्यांची आधी नोंदलेली स्थाने सरकतात. म्हणून बदल शेवटाकडून सुरू करणे सोयीचे. आधीच टॅगमध्ये असलेला दुवा पुन्हा गुंडाळायचा नसतो, आणि 'जावास्क्रिप्ट' या शब्दाने सुरू होणारा पत्ता टिचकीसरशी कोड चालवू शकतो, म्हणून तो नाकारायचा असतो. एचटीएमएलमध्ये विशेष अर्थ असलेल्या चिन्हांचे रूपांतरही दुवे शोधून झाल्यावर, तुकड्या-तुकड्याने करावे. आधी केले, तर दुव्यानंतरच्या अवतरणचिन्हाचे सांकेतिक रूप त्याच्या शेपटीला चिकटते आणि पत्ता उघडत नाही.