वादळाच्या दिवसांत मोटरहोम नेताना

(शिकागोहून माउंट रशमोरला आमची गाडी घेऊन निघणाऱ्या कुटुंबांसाठी)

आय-९० हा महामार्ग धरून मिनेसोटा ओलांडलं की दोन्ही बाजूंना नुसती शेतं आणि आभाळ. मे ते जुलै या काळात लक्ष ठेवायचं ते याच आभाळावर.

गाडीत ओटा आहे, बिछाने आहेत. पाऊस आला की आत बसून चहा-भजी करावीशी वाटतात. साध्या पावसात खुशाल करा. टोर्नेडोत (ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या, भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या वादळात) मात्र ही गाडी आसरा नव्हे. उंच, सपाट बाजूंची असल्यामुळे जोराचा वारा तिला सहज आडवी पाडतो.

फोनवर येणाऱ्या दोन शब्दांत बरेच जण गल्लत करतात. ‘टोर्नेडो वॉच’ म्हणजे तसं हवामान जमून आलंय. पुढचा मुक्काम गाठायचा हट्ट सोडा आणि जवळ पक्की इमारत कुठे आहे ते बघून ठेवा. ‘वॉर्निंग’ म्हणजे टोर्नेडो कुणाला तरी दिसलाय किंवा रडारवर सापडलाय. मग सामान आवरत बसू नका. गाडी सोडा, तळघरात जा. तळघर नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावर, खिडक्या नसलेल्या आतल्या खोलीत बसा. बऱ्याच कॅम्पग्राउंडवर स्वच्छतागृहाची पक्की इमारत हाच आसरा असतो. पोचल्या पोचल्या ऑफिसात विचारा. आजी-आजोबा सोबत असतील तर उजेडी एकदा त्यांना तिथवर चालवून आणा.

रेडिओवरचे इशारे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) नावाने येतात. आपण कुठल्या काउंटीत आहोत ते रोज कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. हवामानाचा रेडिओ आणि जादा सेल वरच्या कप्प्यात ठेवलेत.

टोर्नेडो बहुधा दुपारी ४ ते रात्री ९ या वेळात होतात, म्हणून ३ वाजेपर्यंत मुक्कामाला लागा. ऑनिंग (गाडीच्या बाजूचं कापडी छप्पर) गुंडाळा, स्लाइड (बाहेर सरकवलेला खोलीचा भाग) आत घ्या, गॅस बंद करा. ऑनिंग उघडी टाकून किराणा आणायला गेलेल्या एका कुटुंबाला परतल्यावर ती छतावर उलटलेली सापडली होती! रस्त्यात गाठलंच तर पुलाखाली थांबू नका, तिथे वारा आणखी जोराने घुसतो. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर गाडी घालू नका. २ फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं.

गारांचं म्हणाल, तर याच आय-९० वरच्या व्हिव्हियन गावात २३ जुलै २०१० रोजी ८ इंच व्यासाची गार पडली होती. पत्रा चेपला तर चेपू दे, बघायला बाहेर येऊ नका.

एक बारीक गोष्ट. इलिनॉयमध्ये महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी १० वाजता वादळाचा इशारा देणाऱ्या भोंग्यांची चाचणी असते. आभाळ स्वच्छ असेल तर घाबरू नका.

वादळामुळे गाडी एक दिवस उशिरा आली तर त्या दिवसाचं भाडं आम्ही घेत नाही. फक्त फोन करून कळवा.