पाणपक्ष्यांच्या शिकारीची शॉटगन

उत्तर अमेरिकेत रानबदके आणि रानहंस (गूस) यांच्या शिकारीसाठी वापरली जाणारी छऱ्याची बंदूक. पाखरू उडत असताना त्यावर बार टाकायचा असतो, म्हणून एका गोळीचा इथे उपयोग नाही. काडतुसातून सुटलेले छरे हवेत पसरतात आणि त्या झोतात पाखरू सापडावे लागते. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार स्थलांतरी पक्ष्यांवर रायफल किंवा पिस्तूल चालवता येत नाही. शॉटगनही १० बोअरपेक्षा (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचे माप) मोठी असून चालत नाही. बंदूक घेताना चर्चा बहुतेक वेळा ताकदीचीच होते. निवड मात्र दोनच गोष्टींवर ठरायला हवी: छरे कोणत्या धातूचे आहेत आणि दस्ता खांद्याला कसा बसतो. अर्धवट लागलेले पाखरू लव्हाळ्यात जाऊन पडते, हाती लागत नाही आणि तडफडून मरते. हे टाळते ती चांगली बंदूक.

एकोणिसाव्या शतकात चेसापीक उपसागरात बाजारासाठी शिकार करणारे लोक होडीवर बसवलेल्या अवाढव्य नळीच्या ‘पंट गन’ने एका बारात डझनावारी बदके पाडत. पाखरे झपाट्याने कमी झाली. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरी पक्ष्यांबाबत करार झाला आणि १९१८ साली अमेरिकेत त्याचा कायदा झाला. आजची बंदूक याच नियमांत बसवलेली असते. तिच्यात एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत, म्हणून मॅगझिनमध्ये, म्हणजे जादा काडतुसे भरायच्या जागेत, एक दांडी घालून जागा अडवतात. बंदुकीचे भाग सुटे केल्याशिवाय ही दांडी निघता कामा नये. हिमहंसांची संख्या इतकी वाढली की आर्क्टिकमधली त्यांची चराईची जमीनच उजाड होऊ लागली. त्यामुळे १९९९ पासून त्यांच्यासाठीच्या खास हंगामात ही अट शिथिल केली जाते.

बोअरचा आकडा उलटा चालतो. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातल्या एकाचा व्यास म्हणजे १२ बोअरची नळी, सुमारे १८.५ मिमी. २० बोअरची नळी सुमारे १५.६ मिमी, म्हणजे अरुंद. पाणपक्ष्यांसाठी १२ बोअर सर्वाधिक चालते. १० बोअर जड पडते आणि तिची काडतुसे सगळीकडे मिळत नाहीत.

खरा बदल घडवला तो शिशाच्या बंदीने. पाण्याच्या तळाशी पडलेले शिशाचे छरे बदके खडे समजून गिळतात, पेषणीत (अन्न दळणाऱ्या जठरात) ते झिजतात आणि विष अंगात भिनते. अशी बदके खाणारे गरुडही मरतात. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीतून शिसे टप्प्याटप्प्याने हटवत १९९१ साली देशभर बंदी झाली. कॅनडात ती १९९९ साली आली. शिशाची जागा पोलादाने घेतली आणि शिकाऱ्यांची जुनी गणिते चुकू लागली. शिशाची घनता पाण्याच्या सुमारे ११.३ पट, पोलादाची ७.८ पट. हलका छरा हवेत लवकर मंदावतो आणि लांबच्या पाखरात पुरेसा खोल शिरत नाही. उपाय म्हणून शिशाच्या मानाने दोन क्रमांक मोठा छरा घेतात (क्रमांक जितका लहान, तितका छरा मोठा). बदकांसाठी २ किंवा ४ क्रमांकाचा, तर कॅनडा गूससारख्या थोराड हंसासाठी ‘बीबी’, म्हणजे साडेचार मिमीहून किंचित मोठा. पण छरे मोठे घेतले की त्याच काडतुसात ते कमी मावतात. ही तूट भरून काढायला काडतूस लांब झाले: पावणेतीन इंचाचे तीन आणि १९८८ पासून १२ बोअरमध्ये साडेतीन इंच. साडेतीन इंची काडतुसाचा धक्का सणसणीत असतो. त्याच्या धास्तीने चाप ओढताना अंग आखडते आणि नेम जातो. तीन इंची १२ बोअर बदक आणि हंस दोघांनाही पुरते. बाकीचे पैसे सरावाच्या काडतुसांवर खर्चावेत. बिस्मथ (९.६) आणि टंगस्टनचे मिश्रण (सर्वांत जड प्रकार १८ पर्यंत) यांचे छरे पोलादापेक्षा भारी मार करतात, त्यामुळे २० बोअरही पुन्हा उपयोगी ठरू लागली. पण ही काडतुसे बरीच महाग आहेत.

नळीच्या तोंडाशी असलेल्या आवळपणाला चोक म्हणतात. पोलादी छरे कडक असल्याने दबत नाहीत आणि झोत एकवटलेला राहतो. म्हणूनच शिशाच्या काळात फुल, म्हणजे जास्त आवळ, चोक वापरणाऱ्याला आता कमी आवळ असलेला मॉडिफाइड पुरतो. जुन्या बंदुकीच्या फुल चोकमधून मोठे पोलादी छरे सोडले तर नळी फुगू शकते. दमास्कस पद्धतीच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून जोडलेल्या, नळ्यांच्या बंदुकांत तर आजची काडतुसे घालूच नयेत. मऊ बिस्मथ हा सुस्थितीतल्या जुन्या बंदुकांसाठी चांगला पर्याय आहे. कोणता चोक घ्यायचा हे कागदावर तपासावे. चाळीस यार्डांवर, म्हणजे साधारण ३६ मीटरवर, मोठा कागद ताणून बार टाकायचा, छरे जिथे सर्वांत दाट पडले तिथे तीस इंची वर्तुळ काढायचे आणि आतली भोके मोजायची. ३५ ग्रॅम छरे भरलेल्या काडतुसात २ क्रमांकाचे सुमारे १५५ पोलादी छरे असतात. त्यातले किती आत पडले ते लगेच कळते. वर्तुळात बदकाएवढी मोकळी जागा राहत असेल तर चोक किंवा काडतूस बदलावे. दोन सारख्या बंदुकाही एकाच काडतुसाने वेगवेगळी नक्षी काढतात, म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबणे धोक्याचे.

दलदल, खारे पाणी आणि गोठवणारी थंडी यांत बंदूक चालली पाहिजे. हाताने मागेपुढे ओढायची पंप बंदूक याबाबत भरवशाची. रेमिंग्टनचे ८७० हे मॉडेल १९५० पासून बनत आले आणि त्याच्या एक कोटीहून जास्त बंदुका निघाल्या. अर्धस्वयंचलित बंदुकांत दोन घराणी आहेत. बार उडताना निघणाऱ्या वायूवर चालणारी धक्का कमी देते, पण तिच्यात काजळी साचते. धक्क्याच्या जोरावर स्प्रिंग दाबून चालणारी स्वच्छ राहते, मात्र खांद्याला जास्त जाणवते. दुनळी सुटसुटीत खरी, पण तिच्यात दोनच बार.

दस्ता अंगाला बसला नाही तर वरचे सगळे व्यर्थ. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि उघडावेत. नजर थेट नळीच्या माथ्यावरून जायला हवी. हे डिसेंबरातल्या जाड कोटात करून पाहावे, कारण उन्हाळ्यात नेमका वाटलेला दस्ता कोटावर लांब पडतो आणि काखेत अडकतो.

एक धोका सांगायलाच हवा. २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरमध्ये गेले तर ते नळीत पुढे सरकून अडकते. चेंबर (काडतूस बसायची जागा) रिकामा दिसतो, मागून १२ चे काडतूस भरले जाते आणि बार उडताच नळी फुटते. यासाठीच २० बोअरची काडतुसे पिवळी करतात. दोन्ही प्रकार एका पिशवीत कधीच ठेवू नयेत.

भारतात ही शिकार संस्थानी आणि ब्रिटिश काळात मोठ्या प्रमाणावर चाले. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी भरतपुरात झालेल्या शिकारीत ४,२७३ पाखरे मारली गेली. तीच जागा आज केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची वाटही बंद झाली. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात उतरणारी तलवार बदके, थापट्या किंवा चक्रवाक मारणे गुन्हा आहे. पीक संरक्षणासाठी शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना मिळतो, पण त्या परवान्याने या पाखरांवर बार टाकण्याचा हक्क मिळत नाही.