शेतातला एक माणूस कमी झाला तर? विकासाच्या अर्थशास्त्रातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

माझा मामेभाऊ खानापूरकडचा, बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डिंगला आहे. जुलैत रोप लावण आली की चार-पाच दिवस सुट्टी टाकून गावी, गुडघाभर चिखलात. मामी फोनवर सरळ सांगते, "रोपं पिवळी पडायलीत, ये बघू लवकर". एमेला विकासाचं मॅक्रो, म्हणजे देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेची वाढ, शिकताना कळालं की या विषयातलं एक मोठं भांडण नेमकं यावरच झालंय: शेतातला माणूस कारखान्यात गेला तर पीक घटतं का?

गरिबीचा हिशोब आपल्याकडे जुनाच, दादाभाई नौरोजींनी 1870 च्या दशकात माणशी वर्षाला 20 रुपये उत्पन्न काढून दाखवलं होतं. पण वेगळा विषय म्हणून विकासाचं अर्थशास्त्र उभं राहिलं दुसऱ्या महायुद्धानंतर, एकेक देश स्वतंत्र व्हायला लागला तसं. सुरुवातीला सगळा भर भांडवलावर, बचत वाढवा, मशिनरी घाला, वाढ होईल. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीसांची 1956 ची दुसरी पंचवार्षिक योजना त्याच वळणाची.

त्याच्या आधी 1954 ला आर्थर लुईस, कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावरचे अर्थतज्ज्ञ, यांनी वेगळंच मांडलं. शेतात गरजेपेक्षा जास्त हात आहेत, त्यातले काही कारखान्यात गेले तरी पीक घटत नाही, आणि मजुरी स्वस्त राहिल्यामुळे नफा परत धंद्यात गुंततो. उदाहरणांत भारत होताच.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ थिओडोर शुल्ट्झना हे पटलं नाही. त्यांनी 1964 ला पुरावा म्हणून आणली 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. भारतात शेतात राबणारी सुमारे 8 टक्के माणसं गेली आणि पेरणीखालची जमीन 3.8 टक्के कमी झाली, म्हणजे फालतू हात नव्हतेच. मुंबई प्रांताला ती साथ फार लागली होती आणि बेळगाव तेव्हा त्याच प्रांतात, म्हणून हे वाचताना मला आमचीच पणजोबांची पिढी दिसायला लागली. अमर्त्य सेन यांनी 1967 ला यावर हरकत घेतली, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते: साथीत एकाच घरातले दोघं-तिघं जातात, ती जमीन पडून राहते, घरटी एक माणूस कामाला बाहेर जाणं ही वेगळी गोष्ट, कारण मागे राहिलेले जास्त राबून भर काढतात.

1979 चं नोबेल लुईस आणि शुल्ट्झ दोघांना मिळून दिलं गेलं. माझ्या मते आमच्या भागात वर्षातले अकरा महिने लुईसचं खरं ठरतं, मामा-मामी दोघं मिळून शेत ओढतात, पण लावणीच्या आठवड्यात मात्र शुल्ट्झ, तेव्हा मामेभावाच्या शिफ्टला निम्मी पोरं नसतात.