व्हॉइप सज्जता तपासणी

कार्यालयातील दूरध्वनी इंटरनेटवर, म्हणजे व्हॉइपवर, नेण्याआधी तिथले नेटवर्क संभाषणाचा भार पेलेल का, हे मोजून पाहण्याची पद्धत. तांब्याच्या तारेवरच्या फोनला स्वतःची वेगळी जोडी असते. व्हॉइपचा आवाज मात्र ईमेल, बॅकअप आणि सीसीटीव्हीचे चित्रण यांच्यासोबत एकाच केबलमधून जातो. ईमेल दोन सेकंद उशिरा आला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आवाज पाव सेकंद मागे पडला की दोन्हीकडची माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. म्हणून स्पीड टेस्टवर शंभर एमबीपीएस दिसले, तरी या तपासणीच्या दृष्टीने त्यातून फारसे काही कळत नाही.

तपासणीत तीन गोष्टी मोजतात. पहिली विलंब. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीनुसार बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंतचा एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या वर कधीच जाऊ नये. पिंग जाऊन-येऊन लागणारा वेळ दाखवतो आणि त्यात फोनमधील कोडेक (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग) व जिटर बफर (आवाजाचे मागेपुढे येणारे तुकडे, म्हणजे पॅकेट, सारख्या अंतराने सोडण्यासाठी थोडे थांबवणारी जागा) यांचा वेळ धरलेला नसतो, हे विसरून बरेच अहवाल चुकतात. काचतंतूतून एक किलोमीटर जायला प्रकाशाला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. पुणे-मुंबई अंतर त्यामुळे एका मिलिसेकंदात संपते; पण सेवा कंपनीचा सर्व्हर अमेरिकेत असेल, तर निव्वळ अंतरापोटीच एका दिशेला ६० हून अधिक मिलिसेकंद जातात. सर्व्हर कुठे आहे, हा प्रश्न दराच्या आधी विचारावा. दुसरी गोष्ट जिटर, म्हणजे पॅकेट येण्याच्या वेळेतील चढउतार. तो ३० मिलिसेकंदांच्या आत हवा. तिसरी पॅकेट-गळती, ती एक टक्क्याच्या खाली हवी. सेकंदाला ५० पॅकेट जातात, तेव्हा एक टक्का म्हणजे दर दोन सेकंदांनी एक पॅकेट हरवणे. विखुरलेली अशी गळती कोडेक झाकून नेतो. सलग पाच-सहा पॅकेट गेली की अख्खे अक्षर गिळले जाते.

किती बँडविड्थ लागेल, हे कर्मचाऱ्यांच्या संख्येवरून नव्हे, तर गर्दीच्या तासावरून काढतात. समजा सकाळी अकरा ते बारा या वेळात सरासरी ५ मिनिटांचे १२० कॉल होतात. ते ६०० मिनिटे, म्हणजे १० एर्लांग (तासभर सतत चालणारा एक कॉल म्हणजे एक एर्लांग). एर्लांग-बी सूत्राने शंभरात एकाहून अधिक कॉल अडू द्यायचा नसेल, तर १८ वाहिन्या, म्हणजे एकाच वेळी १८ कॉलची सोय, लागतात. जी.७११ कोडेकचा आवाज ६४ केबीपीएसचा असला, तरी प्रत्येक पॅकेटला जोडले जाणारे आरटीपी, यूडीपी, आयपी आणि इथरनेट या नियमांचे शीर्षभाग (पत्ता वगैरे माहिती) धरून एक कॉल प्रत्येक दिशेला ८७.२ केबीपीएस घेतो, जी.७२९ ला ३१.२ पुरतात. अठरा कॉलना जी.७११ वर सुमारे १.५७ एमबीपीएस झाले. आवाजाला जोडणीचा एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा देऊ नये, या रूढ नियमाने ५ एमबीपीएसचे अपलोड पुरते. आज बहुतेक कार्यालयांकडे याच्या कितीतरी पट असते. दोष सहसा दुसरीकडे सापडतो.

तो शोधण्याचा सर्वांत उपयोगी प्रयोग साधा आहे. जोडणी मोकळी असताना पिंग नोंदवायचा, मग मोठी फाइल अपलोडला लावून पुन्हा पाहायचा. १२ मिलिसेकंदांचा आकडा ३०० वर गेला, तर राउटर किंवा मोडेमच्या फुगलेल्या बफरमध्ये पॅकेट रांग लावत आहेत. उपाय म्हणजे राउटरवर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर आणणे. मग रांग आपल्याच राउटरमध्ये लागते आणि डीएससीपी ४६ ची, म्हणजे पॅकेटवरची अग्रक्रमाची, खूण असलेल्या आवाजाला पुढे काढता येते. खुल्या इंटरनेटवर ही खूण कोणी पाळेल याची खात्री नसते. भाड्याच्या खासगी जोडणीवर ती करारात लिहून घेता येते.

कृत्रिम कॉलसाठी आयपर्फ या नेटवर्क मोजणाऱ्या प्रणालीमध्ये यूडीपीची १७२ बाइटची पॅकेट, सेकंदाला ५०, म्हणजे प्रत्येक प्रवाहाला ६८.८ केबीपीएस, दोन्ही दिशांना सोडतात. चाचणी किमान एक आठवडा, शक्यतो महिनाअखेर धरून चालावी. निकाल एमओएस या आवाजाच्या दर्जाच्या १ ते ५ च्या गुणांकात मांडतात, जी.७११ ची कमाल सुमारे ४.४ असते आणि ४ च्या वर राहिले की चालते. आठवड्याच्या सरासरीवर समाधान मानू नये: रोज अकरा वाजता दहा मिनिटे २.८ झालेला गुण ४.२ च्या सरासरीत दिसेनासा होतो.

कॉल जोडणे-तोडणे सिप या नियमावलीच्या संदेशांनी होते. राउटरमधील सिप एएलजी ही सोय मदतीसाठी दिलेली असते, पण सिप संदेशांतील पत्ते ती अनेकदा चुकीचे बदलते. लक्षणे ठरलेली: एकाच बाजूचा आवाज येणे, किंवा कॉल उचलल्यावर बरोबर ३२ सेकंदांनी तुटणे (पोच न मिळाल्याने सिप तेवढा वेळ वाट पाहून कॉल सोडते). ती बंदच ठेवावी. फोन नोंदलेला दिसतो पण येणारा कॉल वाजत नाही, तेव्हा राउटरमधील नॅटची (आतले आणि बाहेरचे पत्ते जुळवणाऱ्या सोयीची) यूडीपी नोंद मधल्या काळात पुसली गेलेली असते. फोनचा कीप-अलाइव्ह, म्हणजे ही नोंद जिवंत ठेवणाऱ्या छोट्या संदेशाचा कालावधी, २०-३० सेकंदांवर आणावा.

स्विचवर सीआरसी त्रुटी (खराब झालेली पॅकेट) आणि लेट कोलिजन (उशिरा झालेली पॅकेटची टक्कर) यांचे आकडे पाहावेत. एका टोकाला १०० एमबीपीएस फुल-डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशा) पक्के ठेवले आणि दुसरे ऑटोवर असले, तर दुसरे हाफवर (एका वेळी एकच दिशा) जाते आणि भार वाढताच पॅकेट गळू लागतात. पीओईचा, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच फोनला मिळणाऱ्या विजेचा, हिशेबही लागतो: १९० वॉटचा २४ पोर्टी स्विच १५.४ वॉट मागणारे फक्त १२ फोन चालवतो. संगणक फोनच्या मागच्या पोर्टमधून जोडणार असाल, तर ते पोर्ट गिगाबिट आहे का, ते पाहा. स्वस्त फोनमध्ये ते १०० एमबीपीएसचे असते. वायफायवर फोन फिरणार असतील, तर सगळीकडे किमान उणे ६७ डीबीएम सिग्नल हवा.

भारतात सार्वजनिक दूरध्वनी जाळ्याशी जोडणारी ट्रंक (अनेक कॉल नेणारी जोडणी) परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी लागते.

वीज हा भाग यादीत शेवटी येतो आणि बहुधा राहूनच जातो. लँडलाइनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळत असल्याने लोडशेडिंगमध्येही ती चालायची. व्हॉइपमध्ये फायबरचा मोडेम, राउटर, स्विच यांतले एक जरी यूपीएसवर नसले, तरी सगळे फोन बंद. लिफ्टमधला आपत्कालीन फोन, आगीचा अलार्म आणि फॅक्स जुन्या लाइनवर आहेत का, हे इमारतीत हिंडून पाहावे लागते. फॅक्सला टी.३८ चा, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याच्या मानकाचा, आधार लागतो; लिफ्ट आणि अलार्मसाठी तांब्याची एखादी लाइन तशीच ठेवलेली बरी.