दुप्पट उंच, आठपट जड

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, पात्रं रंगवत खेळायचा टेबलावरचा खेळ खेळताना आमच्यातल्या एकाने आपल्या योद्ध्यावर ‘एन्लार्ज’ मंत्र मारून घेतला. सहा फुटी गडी बारा फुटी झाला. “म्हणजे ताकद दुप्पट ना?” डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) २०१४च्या पाचव्या आवृत्तीतला नियम वाचला: मापं सगळ्या बाजूंनी दुप्पट, वजन आठपट. “आठपट? छापायला चुकलेत!”

चुकलेले नाहीत. ठोकळा लांबी, रुंदी, उंची अशा तिन्हीकडून दुप्पट केला की त्यात मूळचे आठ ठोकळे मावतात. खरी मेख ताकदीत आहे. दोर कितीही लांब घ्या, तो जास्त वजन पेलत नाही. जाड घेतला तर पेलतो. स्नायूंचंही तेच. शेजारी शेजारी किती तंतू ओढताहेत यावर जोर ठरतो, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर. दुप्पट मापाच्या दंडाचा छेद चौपट. ताकद चौपट, अंगावरचं ओझं आठपट. बारा फुटी योद्धा स्वतःच्या वजनाच्या मानाने निम्माच बलवान उरतो. हाडांनाही हाच हिशेब लागू. गॅलिलिओने १६३८ साली तिप्पट लांबीचं हाड काढून दाखवलं, ते अगदी बेढब जाड होतं. तिप्पट मापाला वजन २७ पट. म्हणून छेद २७ पट हवा, म्हणजेच जाडी सुमारे ५.२ पट.

(‘उत्खननात राक्षसाचा सांगाडा सापडला’ म्हणून जे फोटो फिरतात, त्यांतली मांडीची हाडं बघा. प्रमाण हुबेहूब माणसाचं! असला राक्षस उभा राहताच मोडला असता. आणि ‘मुंगी माणसाएवढी असती तर ट्रक उचलला असता’ हेही विसरा. पाच मिलिमीटरची मुंगी १.७ मीटरची केली, तर वजनाच्या मानाने तिची ताकद ३४० पटींनी घटेल. ट्रक राहू द्या, तिला स्वतःचे पाय उचलायची मारामार.)

आता मला फार आवडणारा तक्ता. खेळाच्या साडेतिसऱ्या (३.५) आवृत्तीत राक्षसी प्राणी ‘मीडियम’ (माणसाएवढ्या) आकाराचा ‘लार्ज’, म्हणजे दुप्पट मापाचा केला की स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) ८ने वाढते. १०ची १८ झाली, की ओझ्याची कमाल मर्यादा १०० पौंडांवरून ३०० होते. शिवाय लार्ज म्हणून दुप्पट, म्हणजे ६००. सहापट! गॅलिलिओचे चार आणि वजनाचे आठ यांच्या बरोबर मधोमध. पुढची पायरी ‘ह्यूज’, मापं पुन्हा दुप्पट: स्ट्रेंग्थ २६, मर्यादा ३,६८०. वजन ६४ पट, ताकद जेमतेम ३७ पट. म्हणजे वजनाच्या मानाने ताकद आधी ७५ टक्के, मग ५७. गॅलिलिओ ५० आणि २५ म्हणाला असता. नियम मऊ आहे, पण दिशा अचूक.

डेक्स्टेरिटी (चपळाईचा आकडा) दर पायरीला २ने उतरते, तेही पटण्याजोगं: चौपट लांबीचा पाय लंबकासारखा झुलायला दुप्पट वेळ घेतो. ह्यूजच्या पुढे मात्र ही घट थांबते. का, ते लंबकाला विचारून कळत नाही.

पण पडण्याचा नियम! पाचव्या आवृत्तीत दर दहा फुटांना एक सहा बाजूंचा फासा टाकून इजा ठरते, आकार कुठलाही असो. मांजराचे हिट पॉइंट (किती इजा सोसेल तो आकडा) दोन. म्हणजे दहा फुटांवरून पडलेलं मांजर सहातल्या पाच वेळा खलास. हत्तीचे सरासरी ७६. फार तर सहा गेले, तो सोंड हलवत चालू लागतो. प्रत्यक्षात उलटं. लहान अंगाला वजनाच्या मानाने पाय दणकट, म्हणून मांजर एवढ्यावरून सहज झेप टाकतं. आणि हत्तीला तर साधी उडीही मारता येत नाही.

आमच्या टेबलावर मांजराला आता वीस फुटांपर्यंत काही होत नाही. हत्तीला किती फासे टाकायचे, यावरून मात्र डीएमशी माझं अजून जमलेलं नाही.